‘देवाचा पुत्र’: वाद नेमका कशाचा आहे?

(घाटकोपर पश्चिमेला नाताळच्या आधीच्या रविवारी झालेल्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)

समोर बसलेल्या ख्रिस्ती मित्रांना नाताळच्या आगाऊ शुभेच्छा.

हे वाक्य मी मुद्दाम बोललो, कारण आजचा विषय तिथूनच सुरू होतो. दर डिसेंबरला आपल्या मोबाइलवर एक मेसेज येतो. उर्दूत येतो, हिंदीत येतो, हल्ली मराठीतही येतो. ‘मेरी क्रिसमस’ या शब्दांचा अर्थ म्हणे ‘अल्लाहने मुलाला जन्म दिला’ असा आहे, म्हणून हे शब्द उच्चारणारा इमानाबाहेर जातो. मागच्या वर्षी आमच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या एका मुलाने मला विचारलं, “भाई, टीमचं नाताळचं जेवण आहे. गेलो तर गुनाह होईल का? टीम लीड ख्रिश्चन आहे. नाही गेलो तर तिला वाटेल मी तिचा राग करतो.” पहिली नोकरी, आणि चेहऱ्यावर खरीखुरी भीती. मी त्याला म्हटलं, “जा. जेवून ये. तुझा कलमा तिथे कुणी काढून घेणार नाही.” पण त्याचा प्रश्न एवढ्याने संपत नाही. त्या मेसेजच्या मुळाशी एक खरा मतभेद आहे, चौदाशे वर्षं जुना. तो आपल्याला नीट सांगता येत नाही म्हणून असे मेसेज चालतात.

मी आलिम नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. आमच्या कामात एक साधी शिस्त असते. कुणी तक्रार केली की आधी ती त्याच्या बाजूने समजून घ्यायची. तीच अडचण आपल्या मशीनवर दिसेपर्यंत ‘सोडवलं’ म्हणून तिकीट बंद करायचं नाही. धर्माच्या वादात आपण उलट करतो. समोरचा काय म्हणतो ते न ऐकताच तिकीट बंद करतो. म्हणून आज तीन गोष्टी बघू: आपण काय नाकारतो, ते काय मानतात, आणि एवढं समजून घेतल्यावर शिल्लक काय राहतं.

आपण काय नाकारतो

सूरह इखलास आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. कुरआनची ११२वी सूरह, फक्त चार आयती. अल्लाह एक आहे, त्याला कुणाची गरज नाही, त्याला अपत्य नाही आणि तो कुणाचं अपत्य नाही, त्याच्या जोडीचा कुणी नाही, हा तिचा आशय. पुष्कळ मुफस्सिर तिला मक्केच्या काळातली मानतात. मक्केच्या लोकांनी पैगंबरांना विचारलं होतं, तुझ्या रबचं कूळ काय, वंशावळ काय? त्याला हे उत्तर, असं रिवायतीत येतं.

हा संदर्भ महत्त्वाचा आहे. मक्केचे मुश्रिक फरिश्त्यांना अल्लाहच्या मुली म्हणत. लात, उज्जा आणि मनात या देवींची नावं कुरआनमध्येच आहेत. म्हणजे देवाचं घर, देवाचं कुटुंब, देवाच्या लेकी ही कल्पना तिथे रोजच्या व्यवहारातली होती, आणि कुरआनचा पहिला घाव तिच्यावर आहे. सूरह अनआमच्या १०१व्या आयतीत तर साधा सवाल आहे: त्याला सहचारिणीच नाही, तर अपत्य कुठून असणार?

आता शब्दांकडे बघू. कुरआन बहुतेक ठिकाणी ‘वलद’ हा शब्द नाकारतो. वलद म्हणजे पोटचं मूल. वालिद, वालिदा, औलाद हे आपल्या घरातले शब्द त्याच धातूचे. दुसरा शब्द ‘इब्न’. हा जास्त सैल आहे. वाटसरूला कुरआन ‘इब्नुस्सबील’ म्हणतो, म्हणजे रस्त्याचा मुलगा. रस्ता कुणाला जन्म देत नाही, हे अरबाला ठाऊक होतं. गंमत म्हणजे हे दोन्ही शब्द मराठीत येऊन बसलेत. जुनी मोडी कागदपत्रं बघा, जमिनीचे दप्तर बघा: अमुक ‘बिन’ तमुक, अमुक ‘वलद’ तमुक.

यावरून काही जण म्हणतात की कुरआन फक्त शारीरिक जन्म नाकारतो, अलंकारिक अर्थाचा पुत्र चालतो, मग वाद मिटला. मला हे प्रामाणिक वाटत नाही. सूरह तौबाच्या ३०व्या आयतीत मसीहला अल्लाहचा ‘इब्न’ म्हणणंही नाकारलेलं आहे. सूरह मायदाच्या ११६व्या आयतीत कयामतच्या दिवसाचं चित्र आहे. अल्लाह ईसांना विचारतो की मला आणि माझ्या आईला देव माना असं तू लोकांना सांगितलंस का, आणि ईसा ते नाकारतात. म्हणजे आपला आक्षेप फक्त जन्माच्या प्रकाराला नाही. अल्लाहसाठी जी इबादत आहे, तिच्यात दुसऱ्या कुणालाही भागीदार करण्याला आहे. तौहीद म्हणजे हेच, आणि यात मुसलमान तडजोड करू शकत नाही.

पण याच कुरआनमध्ये ईसांचं नाव २५ वेळा येतं आणि मरियमचं ३४ वेळा. एक पूर्ण सूरह मरियमच्या नावाची आहे. ईसांचा जन्म बापाविना झाला, हे आपण मानतो. सूरह निसाच्या १७१व्या आयतीत त्यांना अल्लाहचा ‘कलिमा’, म्हणजे शब्द, आणि त्याच्याकडून आलेली ‘रूह’ म्हटलं आहे. आणि सूरह मरियमच्या ३३व्या आयतीत ईसा पाळण्यातून बोलतात तेव्हा स्वतःच्या जन्माच्या दिवसावर सलाम असल्याचं सांगतात. त्या दिवसाचं नाव काढलं की इमान जातं म्हणणाऱ्यांनी ही आयत एकदा परत वाचावी.

ते काय मानतात

माझी एक सहकारी वसईची आहे. जेवताना एकदा तिने विचारलं, “अरे, तुम्ही ईसा म्हणता तो आमचा येशूच ना? मग अडतं कुठे?” मी म्हटलं, “अल्लाहला बायको नाही, मुलगा नाही, इथे अडतं.” ती डबा बंद करत म्हणाली, “बायको आहे असं आम्ही कधी म्हटलं? असं कुणी चर्चमध्ये बोललं तर फादर त्याला आधी बाहेर काढतील.”

तिचं बरोबर होतं. देवाने एखाद्या स्त्रीच्या संगतीने मुलगा जन्माला घातला, असं कुठलंही मोठं चर्च मानत नाही. त्यांच्या दृष्टीनेही ती निंदाच आहे. मग ‘पुत्र’ शब्द कुठून आला? यहुद्यांच्या जुन्या ग्रंथांत तो येतो. तिथे इस्राएल लोकांना देवाचा ज्येष्ठ पुत्र म्हटलं आहे, दावीदाच्या गादीवरच्या राजाला पुत्र म्हटलं आहे. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात शांती करणाऱ्यांनाही देवाचे पुत्र म्हटलं जाईल, असं येतं. इथवर तो नात्याचा, जवळिकीचा शब्द आहे. आपली मराठी हे सहज समजू शकते. आपल्याकडे औरस पुत्र आहे, दत्तक पुत्र आहे, भूमिपुत्र आहे आणि ब्रह्मदेवाचा मानसपुत्र नारदही आहे. भूमिपुत्र म्हटल्यावर जमिनीला बाळंतपण आलं असं कुणी समजत नाही.

पण आपण आपल्या बाजूने सूट घेतली नाही, तशी त्यांच्या बाजूनेही घ्यायची नाही. ख्रिस्ती माणूस येशूला फक्त जवळिकीच्या अर्थाने पुत्र म्हणत नाही. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एरियस नावाच्या धर्मगुरूने शिकवलं की पुत्र कितीही थोर असला तरी तो देवाने निर्माण केलेला आहे. त्यावर इतका वाद पेटला की सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली निकिया इथे बिशपांची परिषद बोलावली. आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक ते हेच. परिषदेने एरियसला नाकारलं. पुत्र हा निर्माण केलेला नाही, तो पित्यापासून आहे आणि पित्याच्याच तत्त्वाचा आहे, असा निर्णय दिला. २०२५ मध्ये त्या परिषदेला १७०० वर्षं झाली.

त्यांचे जुने आचार्य सूर्य आणि प्रकाश यांची उपमा देत. प्रकाश सूर्यापासून निघतो, पण सूर्य आधी होता आणि प्रकाश मागून जन्मला असं होत नाही. त्यांच्यासाठी पुत्र म्हणजे देवाचा शब्द, जो कायम देवाजवळ होता आणि मरियमच्या पोटी माणूस झाला. योहानाचं शुभवर्तमान याच शब्दापासून सुरू होतं. देवाने एका चांगल्या माणसाला पुढे कधीतरी मुलगा ‘करून घेतलं’, हे मतही चर्चने पाखंड म्हणून फेटाळलेलं आहे. आणि गंमत बघा, कुरआनही बऱ्याच आयतींत हीच क्रिया नाकारतो: अल्लाहने मुलगा ‘करून घेतला’.

आणखी एक गोष्ट वाचून मी थबकलो. १२१५ साली रोममध्ये लॅटरनची चौथी परिषद झाली. तिने लिहून ठेवलं की देवाचं जे एकमेव तत्त्व आहे, ते कुणाला जन्म देत नाही आणि स्वतः जन्मत नाही. आपल्या कानाला हे ओळखीचं वाटेल. पण लगेच टाळ्या वाजवू नका. त्याच परिषदेने त्याच ठिकाणी असंही म्हटलं आहे की जन्म देणारा पिता आहे आणि जन्मणारा पुत्र आहे. त्यांचं म्हणणं, तत्त्व एक आणि त्या एका तत्त्वात तीन. आपलं म्हणणं, एक म्हणजे एक.

मग शिल्लक काय राहतं

गैरसमज बाजूला केल्यावर खरा मतभेद दिसतो, आणि तो लहान नाही. देव एक आहे का, यावर ख्रिस्ती माणूस ‘हो’ म्हणतो. देवाला बायको आहे का, यावर ‘नाही’ म्हणतो. येशूसमोर गुडघे टेकायचे का, या प्रश्नावर आपल्या वाटा फुटतात. त्याच्यासाठी तीच देवाची उपासना आहे. आपल्यासाठी ते पैगंबराला अल्लाहच्या जागी बसवणं आहे. वधस्तंभावरच्या मृत्यूबद्दल, तारणाबद्दलचे मतभेद याच फाट्यावरून पुढे जातात. यात मध्यममार्ग काढता येत नाही, आणि काढल्याचं नाटक करू नये. ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ हे वाक्य सभेत गोड वाटतं. पण ते ऐकून मुसलमानाला वाटतं आपली तौहीद पातळ केली, आणि ख्रिस्ती माणसाला वाटतं आपला येशू पातळ केला.

पण त्यांची अडचण आपल्याला अगदीच परकी आहे का? आपल्या इतिहासातही एक प्रश्न असाच पेटला होता: कुरआन हा अल्लाहचा कलाम, तो निर्माण केलेला की अनादि? मुअतझिला म्हणत, निर्माण केलेला, नाहीतर अल्लाहबरोबर आणखी एक अनादि गोष्ट मानावी लागेल. इमाम अहमद बिन हंबल यांनी ‘निर्माण केलेला’ म्हणायला नकार दिला. ८३३ साली खलिफा मामूनने त्यावर चौकशा लावल्या. इमामांना तुरुंग भोगावा लागला, पुढच्या खलिफाच्या काळात फटके खावे लागले. शेवटी सुन्नी परंपरेने कुरआनला अल्लाहचा अनादि कलाम मानलं. मग कलामच्या विद्वानांनी सांगितलं की अल्लाहचे गुण म्हणजे खुद्द अल्लाह नव्हेत आणि अल्लाहहून वेगळेही नव्हेत. एका अल्लाहचा अनादि शब्द या जगात कसा येतो, हा पेच आपल्यालाही पडला होता. आपल्याकडे तो शब्द ग्रंथ झाला, त्यांच्याकडे माणूस झाला. उत्तर वेगळं आहे, आणि आपलं उत्तर बरोबर आहे असं मी मानतो. पण ज्याला हा पेच कधीतरी पडला, तो दुसऱ्याच्या पेचाला येड्याचा बाजार म्हणणार नाही.

हा वाद आपल्या गावातला आहे

काहींना वाटेल, निकिया आणि बगदादशी घाटकोपरला काय करायचंय? तर हा वाद आपल्या दारावरून गेलेला आहे.

१५७९च्या अखेरीस गोव्याहून तीन जेझुइट निघाले: रुडॉल्फ अक्वाविवा, अँटोनी मोन्सेरात आणि मुसलमान घरातून ख्रिस्ती झालेला एक फारसी जाणणारा साथीदार. दमण, सुरत करत ते १५८०च्या फेब्रुवारीत अकबराच्या फत्तेपूर सिक्रीला पोचले. मोन्सेरातने सगळा वृत्तांत लिहून ठेवला आहे. अकबराने येशूच्या तसबिरीला मान दिला, पाद्र्यांना जवळ बसवलं, पण देवाचा पुत्र आणि एकात तीन ही गोष्ट त्याला शेवटपर्यंत पटली नाही. एकदा तर असंही सुचवलं गेलं की एकाने इंजील घ्यावं, एकाने कुरआन घ्यावं आणि दोघांनी आगीत शिरावं. जो वाचेल तो खरा. पाद्र्यांनी नकार दिला. आजच्या यूट्यूबवरच्या मुनाझऱ्यांना मी याच आगीचा धाकटा भाऊ समजतो. कोण जळालं एवढंच बघायला गर्दी जमते. कोण काय म्हणाला, ते घरी जाताना कुणाला आठवत नाही.

पुढे मुंबईत १८२९ साली जॉन विल्सन आले, ज्यांच्या नावाचं कॉलेज चौपाटीवर आहे. हिंदू शास्त्री, पारशी विद्वान, मुसलमान आलिम, सगळ्यांशी त्यांनी छापील वाद घातले. १८३०च्या दशकात त्यांना हाजी मुहम्मद हाशिम यांनी लेखी उत्तर दिलं आणि विल्सननी त्याला प्रत्युत्तर छापलं. १८५७ साली याच मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद आठवड्यामागून आठवडे चालले. शहर पेटलं नाही. लोक ऐकायला आले आणि घरी गेले.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती पंडिता रमाबाईंची गोष्ट. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन, हे आपण शाळेत वाचतो. बाप्तिस्म्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी काय केलं, ते शाळेत येत नाही. ज्यांच्या आश्रयाला त्या राहत होत्या, त्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी आणि चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी त्या पत्रांतून वाद घालत होत्या. विषय काय? एकात तीन हे कसं, आणि येशूला देव का म्हणायचं. परक्या देशात, लहान मुलगी सोबत, राहणं-शिकणं दुसऱ्यांच्या भरवशावर. तरी त्या म्हणत राहिल्या की एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले, आता दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. मला जे पटेल तेच मी मानेन. ही पत्रं १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. संपादक होते अ. भि. शहा, म्हणजे हमीद दलवाईंचे सहकारी.

रमाबाई पुढे ख्रिस्ती श्रद्धेतच स्थिर झाल्या. त्या आपल्या बाजूला आल्या असं दाखवायला मी हे सांगत नाही. आयुष्याच्या शेवटापर्यंत त्या बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. १९२२ साली त्या गेल्या, आणि १९२४ साली ते प्रसिद्ध झालं. माझा मुद्दा एवढाच की ‘देवाचा पुत्र’ हा प्रश्न ख्रिस्ती माणसालाही पडतो. एका मराठी बाईला तो पडला, तिने तो लपवला नाही, आणि प्रश्न विचारला म्हणून तिची श्रद्धा खोटी ठरली नाही. श्रद्धा धाकाने येत नाही आणि धाकाने जात नाही, हे तिच्याकडून शिकावं.

आता आपण काय करायचं

आधी शुभेच्छांचं. ‘क्रिसमस’ या शब्दाचा मूळ अर्थ ख्रिस्ताची मिस्सा, म्हणजे प्रार्थना. ‘अल्लाहने मुलाला जन्म दिला’ असा अर्थ त्यात कुठेही नाही. उलेमांमध्ये मतभेद आहेत, ते मी लपवणार नाही. चौदाव्या शतकातल्या इब्न कय्यिम यांनी इतर धर्मांच्या खास सणांच्या मुबारकबादीला हराम म्हटलं आहे, आणि आपल्याकडचे अनेक मुफ्ती आजही मनाई करतात. दुसरीकडे इजिप्तच्या दारुल इफ्ताने ख्रिस्ती शेजाऱ्यांना शुभेच्छा देणं जायज म्हटलं आहे, आणि अल-अझहरचे इमाम अहमद अल-तय्यब दर नाताळला चर्चच्या प्रमुखांना शुभेच्छा देतात. ज्याला ज्याचं पटतं, त्याने ते करावं. पण ‘मला पटत नाही’ आणि ‘जो करतो तो काफिर’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं वाक्य मेसेजमधून फॉरवर्ड करण्याचा अधिकार तुम्हाला-मला कुणी दिलेला नाही.

दुसरं, वाद घालायचा तर कसा घालायचा, हे सांगणारी आयत आहे. सूरह अनकबूतच्या ४६व्या आयतीत ग्रंथधारकांशी उत्तम रीतीनेच वाद घाला असा हुकूम आहे. नजरानचं ख्रिस्ती शिष्टमंडळ मदीनेला आलं, तेव्हा वाद नेमका ईसांबद्दलच झाला. एकमत झालं नाही. पण सीरतच्या ग्रंथांत येतं की त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली आणि पैगंबरांनी त्यांना मस्जिदीतच ती करू दिली. त्याच्याही आधी मक्केतून जीव वाचवून गेलेल्या मुसलमानांना आसरा दिला तो हबशाच्या ख्रिस्ती राजाने. नजाशीच्या दरबारात जाफर बिन अबी तालिब यांना ईसांबद्दल विचारलं गेलं. पाहुणे म्हणून त्यांनी गुळमुळीत उत्तर दिलं नाही. ईसा अल्लाहचे बंदे, रसूल, रूह आणि कलिमा आहेत, हेच सांगितलं. आपलं मत शाबूत, समोरच्याचा मान शाबूत.

तिसरं, आपल्या ख्रिस्ती मित्रांना एक विनंती. मुसलमान येशूचा अपमान करतो, किंवा ‘अल्लाह’ हा कुणी वेगळा देव आहे, असं तुमच्याकडे कुणी सांगत असेल तर त्याला थांबवा. अरबी ख्रिस्ती त्यांच्या बायबलात देवाला अल्लाहच म्हणतात. तुमच्या व्हॅटिकनच्या परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी जाहीर केलं की मुसलमान एका देवाची उपासना करतात, येशूला देव मानत नसले तरी पैगंबर म्हणून मान देतात आणि मरियमचा आदर करतात. त्याला २०२५ मध्ये ६० वर्षं झाली. २००७ साली १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मप्रमुखांना पत्र लिहून देवावरचं प्रेम आणि शेजाऱ्यावरचं प्रेम हा समान पाया मांडला. दोन्हीकडे कागद तयार आहेत. वाचणारे कमी आहेत.

आणि वाचायचं म्हटलं तर भाषाही आपलीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ छापलं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, त्यांनी ‘सुबोध बायबल’ दिलं. कुरआनचे मराठी अनुवाद आहेत. मुसलमान पोराने योहानाचा पहिला अध्याय मराठीत वाचावा, ख्रिस्ती पोराने सूरह मरियम मराठीत वाचावी. दोन्ही मिळून एका बैठकीत वाचून होतात.

माझ्या अम्मीचं लहानपण कुर्ल्याला गेलं. शेजारी ईस्ट इंडियन कुटुंब होतं, कैक पिढ्यांपासून इथलंच, मराठी बोलणारं. नाताळला त्यांच्याकडून कलकल आणि नेवऱ्या यायच्या, आणि एक छोटा केक वेगळा यायचा, रम न घातलेला. “हा तुमचा आहे गं,” असं सांगून त्या मावशी तो द्यायच्या. ईदला आमच्याकडून शीरखुर्मा जायचा. मावशींनी येशूला देव मानणं सोडलं नाही, नानीने सूरह इखलास वाचणं सोडलं नाही. दोघींना मतभेद नक्की माहीत होता. म्हणून तर केक वेगळा बनत होता.

आज ही समज जास्त लागते, कारण आपण दोघंही थोडे आहोत आणि दोघांच्याही प्रार्थनेकडे संशयाने बघणारे वाढलेत. संविधानाचं २५वं कलम आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि सांगण्याचा हक्क देतं. तो हक्क ‘येशू देवाचा पुत्र आहे’ म्हणणाऱ्याचा आहे, आणि ‘अल्लाहला पुत्र नाही’ म्हणणाऱ्याचाही आहे. एकाचा गेला तर दुसऱ्याचा राहील, या भ्रमात कुणी राहू नये.

म्हणून एक काम सांगतो. या आठवड्यात तुमच्या ओळखीच्या एखाद्या ख्रिस्ती माणसाला विचारा, “देवाचा पुत्र म्हणजे तुझ्यासाठी काय?” तो बोलत असताना मध्ये बोलू नका. नंतर त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत त्याला परत सांगा. तो “हो, हेच मला म्हणायचं होतं,” असं म्हणेपर्यंत सांगत राहा. मगच तुमची सूरह इखलास त्याला समजावा. एवढं करूनही तुम्ही दोघं सहमत होणार नाही. हरकत नाही. निदान कशावर सहमत नाही, ते दोघांनाही कळलेलं असेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.